डबा नेमका कुठे ठेवायचा?

जिओकॅशिंग माहीत नसलेल्यांसाठी आधी दोन ओळी. कोणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीचे जीपीएस घेऊन शोधत फिरतात. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथे परत ठेवायचा. बस्स. २ मे २००० ला अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला. रिकामटेकड्यांचा खेळ? असेल. आपल्याला आवडतो बुवा.

तर इथे ह्यूस्टनमधल्या माझ्या एका मित्राला त्याच्या आवडत्या अल्बमवर असा डबा ठेवायचाय. अल्बम म्हणजे लुसिंडा विल्यम्सचा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड'. ऑल्ट-कंट्री ऐकणाऱ्यांच्या घरात हा असतोच. मित्राचा बेत असा: अल्बम कुठल्या साली आला (१९९८), गाणी किती (१३), असले प्रश्न विचारायचे, उत्तरांतून आकडे काढायचे आणि डबा घरामागच्या पार्कात.

माझं मत विचाराल तर हा बेत साफ चुकीचा आहे. असले प्रश्न सर्च करून दोन मिनिटांत सुटतात. एकही गाणं न ऐकता माणूस डब्यापाशी पोचणार. मग तो डबा त्या अल्बमचा कसा?

आणि हा अल्बम तर अख्खा नकाशाच आहे! 'जॅक्सन' गाण्यात लाफायेट, बॅटन रूज, व्हिक्सबर्ग अशी गावं रस्त्यावर लागतात त्याच क्रमाने येतात. 'लेक चार्ल्स'मधला माणूस जन्मला टेक्सासातल्या नॅकडोचिसला, पण सगळ्यांना सांगायचा की मी लुइझियानातल्या लेक चार्ल्सचा. खुद्द लुसिंडाचा जन्म मात्र खरंच लेक चार्ल्सचा. आपल्याला हे समजावून सांगायला नको. जन्म, शाळा, नोकरी सगळं मुंबईत, पण "गाव कुठलं?" विचारलं की पठ्ठ्या रत्नागिरी सांगतो. आणि ते खोटं नसतं.

जीपीएस नेमकं हेच सांगू शकत नाही. माणूस कुठे उभा आहे ते काही मीटरच्या फरकाने कळतं. तो कुठला, ते नाही कळत.

म्हणून म्हणतो, दोन टप्पे कर. पहिला नॅकडोचिसला: गावातल्या एखाद्या पाटीवरचा आकडा वाचायचा, त्यातून पुढचा पत्ता काढायचा. दुसरा लेक चार्ल्सला, तळ्याच्या आसपास, जागामालकाची परवानगी काढून. मधल्या काही तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये अल्बम आपोआप ऐकून होतो.

मित्राचं म्हणणं, एवढ्या लांब कोण येणार? आणि डब्याची देखभाल मालकानेच करायची असते, ती कोण करणार? दुसरा मुद्दा रास्त आहे. पण ह्यूस्टनहून आय-१० पकडला की लेक चार्ल्स साधारण सव्वादोनशे किलोमीटर. वर्षातून दोन-तीन चकरा जमत नसतील, तर अल्बम 'आवडता' म्हणू नये!

राहिला पहिला मुद्दा. पार्कातल्या डब्यात शंभर नावं जमतील, त्यातल्या कोणाला लुसिंडा आठवणारही नाही. लेक चार्ल्सच्या वहीत वर्षाला चारच जमू देत. ते चौघं गाणी ऐकत आलेले असतील.