वेग कोणाचा, दंड कोणाला?

नाक्यावरच्या वाहतूक हवालदाराला विचारा. भरधाव ट्रक अडवला की त्याच्यासमोर उभा राहतो तो रात्रभर जागलेला चालक. पहाटेपर्यंत माल पोचवण्याचा हुकूम सोडणारा मालक नव्हे. चलान मालकाच्या नावे निघाले तरी ते बहुधा चालकाच्याच पगारातून कापले जाते. वास्तविक १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ नोकराला वेगमर्यादा मोडायला लावणाऱ्यालाही दोषी धरते. इतकेच नव्हे, मर्यादा पाळून पुरे होणारच नाही असे वेळापत्रक काढणे हा त्याच्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा मानते! २०१९ च्या दुरुस्तीने अवजड वाहनांचा दंड २,००० ते ४,००० रुपयांवर नेला. हवालदाराच्या हाती मात्र वेगमापक यंत्रच राहिले. मालकाच्या कचेरीतील ते वेळापत्रक जप्त करायला त्याला कोण धाडणार? सरकार धाडणार नसेल, तर चालकांच्या संघटनांनीच ते न्यायालयात दाखल करावे.