मॅप हिरवा, पण समोर धुकं
आपल्या हिंगोलीत रस्त्यावर बर्फ पडत नाही, पण हिवाळ्यात पहाटे धुकं असतं. वाशिम-हिंगोली-नांदेड हायवेने ड्युटीला निघताना गूगल मॅप्सवर रस्ता हिरवा दिसला, म्हणून तो सेफ समजू नका. तो रंग लोकांच्या फोनच्या लोकेशनवरून काढलेला वेग सांगतो. समोरचं किती दिसतं, ते नाही. रिफ्लेक्टर नसलेली, उभी असलेली उसाची ट्रॉली त्यात दिसत नाही.

ताशी ६० किमी वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ५० मीटरपर्यंतच दिसत असेल, तर हातात उरतात तीन सेकंद. म्हणून मी निघण्याआधी हवामान विभागाचं ‘मौसम’ ॲप बघतो आणि लाइट डिपरवर ठेवतो. अप्परचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांवरच येतो. वेग मॅप बघून नाही, समोर बघून ठरवा.