पंचम आऱ्याची सबब

“पंचम आराच तो, चालायचेच!” असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. अवसर्पिणीतील हा आरा २१,००० वर्षांचा. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर ३ वर्षे साडेआठ महिन्यांनी तो सुरू झाला. म्हणजे जेमतेम अडीच हजार वर्षे सरली आहेत. यात जन्मलेल्यास भरतक्षेत्रातून मोक्ष नाही, हे मान्य. पण साधनेस मनाई कोठे आहे? आचार्य हरिभद्रांच्या ‘योगदृष्टिसमुच्चया’तील आठ दृष्टींपैकी पहिल्या ‘मित्रा’ दृष्टीचा बोध गवताच्या ठिणगीएवढाच, तरी त्यास योगात स्थान आहे. याच आऱ्यात, १९१३ साली, चिचोंडीच्या तेरा वर्षांच्या नेमिचंदाने मिरी येथे दीक्षा घेतली. तेच आपले आचार्य आनंदऋषीजी. पाथर्डीचे धार्मिक परीक्षा बोर्ड त्यांच्याच प्रेरणेने उभे राहिले.