वल्ही घेतल्याशिवाय होडी सोडू नका

होडी पाण्याच्या मध्यावर असताना मोटार बंद पडली की माणूस आधी मोटारीला शिव्या घालतो. बहुतेक वेळा मोटार बिचारी धडधाकट असते. दगा देते ती बॅटरी, नाहीतर तिची सैल जोडणी. कर्जत-खालापुरात शनिवार-रविवार येऊन गळ टाकणाऱ्या ज्या मंडळींनी हवा भरायची होडी आणि तिला लावायची छोटी इलेक्ट्रिक मोटार घेतली आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिली गोष्ट, गाडीतून काढलेली जुनी बॅटरी होडीवर नेऊ नका. गाडीच्या बॅटरीचं काम काही सेकंद दणकून करंट देऊन इंजिन उठवायचं. तिच्या आतल्या प्लेटा पातळ असतात. तासन् तास चालवून ती वारंवार पूर्ण उतरवलीत की ती संपलीच समजा. हळूहळू उतरायला आणि पुन्हा भरायला बनवलेली बॅटरी वेगळी असते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर त्याच जातीची, पण ती अवजड, आणि होडी हलली की तिचं अ‍ॅसिड बाहेर येतं. म्हणून दुकानात ‘डीप सायकल, सीलबंद’ असं स्पष्ट सांगून मागा. नुसतं ‘बारा व्होल्टची द्या’ म्हणालात तर दुकानदार हाताला येईल ती देईल, आणि त्यात त्याची चूक नाही.

आता हिशोब. ५५ पौंड ताकदीची मोटार पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे दोन तास चालेल, हे झालं कागदावर. करंट जास्त ओढला की शिशाच्या बॅटरीची क्षमताच घटते, शिवाय ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य कमी होतं. म्हणजे पूर्ण वेगात हाती धड एक तासही लागत नाही. तीच मोटार कमी वेगात १०-१५ अँपिअरवर अर्धा दिवस काढते. माथेरानला डिसेंबर २०२२पासून ई-रिक्षा धावू लागल्या, त्यांचंही तेच: चढाला लागणारी वीज सपाटीला लागत नाही. पाण्यावरचा चढ म्हणजे समोरचा वारा. म्हणून सकाळी जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहील. दुपारनंतर वारा वाढतो तेव्हा याची किंमत कळते.

खरी तपासणी शनिवारी घरी करायची. चार्जर काढून काही तास गेल्यावर मल्टिमीटर लावा. शिशाची बॅटरी १२.६-१२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. म्हाताऱ्या बॅटरीचाही आकडा बसल्या जागी छान दिसतो. पाण्याच्या पिंपात मोटारीचा पंखा बुडवून पाच मिनिटं चालवा. मग बंद करून दोन्ही टर्मिनलना आणि वायरीच्या प्रत्येक जोडाला बोट लावा. जो जोड गरम लागेल तो सैल किंवा गंजलेला. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर वायरी काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वर व्हॅसलीन चोळा. मोटारीची वायर आखूड पडते म्हणून घरातली बारीक वायर जोडून लांब करू नका. ती तापते आणि मोटार मरगळते. बॅटरीजवळ मोटारीला साजेसा डीसी ब्रेकर हवाच.

पाच वेगांच्या मोटारीचे पहिले चार वेग गेले आणि फक्त पाचवाच चालतोय, तर आतली कॉइल जळाली आहे. बॅटरी बदलून पैसे घालवू नका. आवाज येतो पण होडी हलत नाही, तर मोटार बंद करून, वायर सोडवून पंखा बघा. तिथे गवत किंवा गळाची दोरी गुंडाळलेली असते. ही दोरी आतल्या सीलला कापते आणि मोटारीत पाणी शिरतं, म्हणून घरी आल्यावर पंखा काढून साफ करा.

शिशाची बॅटरी मरताना निदान सांगून मरते, वेग मंदावतो. लिथियमची हलकी, टिकाऊ, पण तिच्यातलं संरक्षण एका क्षणात वीज तोडतं. वल्ही दोघींबरोबरही लागतात, आणि अंगावर लाइफ जॅकेट. होडीत ठेवलेलं नव्हे, अंगावर घातलेलं.

जागेचंही बघा. खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र १९१५चं, भिवपुरीचं १९२२चं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी तिथे वीज करून पाताळगंगेत आणि पेजेत उतरतं. त्यामुळे या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या, पण वीजनिर्मिती वाढली की पाणीही वाढतं, आणि अशा ओढीपुढे तुमच्या मोटारीचं काही चालत नाही. मोरबे धरण नवी मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचं, तिथे जायचंच नाही. इतर तलावांत मासेमारीचा ठेका अनेकदा स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो. आधी त्यांना विचारा. त्यांच्या जाळ्यावरून तुमचा पंखा गेला तर नुकसान दोघांचं. आणि पावसाळ्यात होडी घरीच राहू द्या. त्या दिवसांत वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणारे, मासे गावातून विकत घेऊन खाणं हे केव्हाही शहाणपणाचं, आणि चवीलाही उजवं.

शेवटचं एक मागणं. मेलेली बॅटरी बांधावर किंवा नदीकाठी टाकू नका, भंगारवाल्याला अ‍ॅसिड ओतायलाही सांगू नका. दुकानात परत द्या. जुन्या शिशाचे पैसे नव्या बॅटरीत वळते करून मिळतात.