आधी आतली कडी, मग टाइल्स

आमच्या बैठकीत मी विषय मांडला : घरातली मोरी, न्हाणीघर आपल्या हाताने कसं सुधारायचं. एक जुनी कार्यकर्ती मैत्रीण मोठ्याने हसली. "अगं, आपण पाण्यासाठी हंडा मोर्चे काढले आणि आता तू बायकांना खुंट्या ठोकायला शिकवणार? हे त्या गुळगुळीत मासिकांतल्या 'बाथरूम सजवा' सदरात शोभेल." बाकीच्याही हसल्या. मला हसू आलं नाही. म्हणून हे भांडण या पानांवर.

गुळगुळीत मासिकांबद्दल ती म्हणते ते खरंच आहे. तिथल्या न्हाणीघरात वेताच्या टोपल्या असतात, मेणबत्त्या असतात आणि कुणाचंच धुणं नसतं. पण त्यांनी विषय बिघडवला म्हणून आपण तो सोडून द्यायचा का? चार बाय तीनच्या त्या तुकड्यात बाई दिवसाकाठी किती वेळ वाकलेली असते, मोजून पाहा. पाणी भरणं, धुणं, भांडी, पोरांच्या आंघोळी, आजाऱ्याचे कपडे, सगळं तिथे. तिची स्वतःची आंघोळ मात्र पाच मिनिटांत, दाराकडे कान लावून. आणि नळ कुठे, दगड किती उंच, खिडकी कुठल्या बाजूला, हे ठरवलं कुणी? बिल्डरने, गवंड्याने, नवऱ्याने. तिला कुणी विचारलं होतं?

चळवळीनेही इकडे कमीच पाहिलं. २०११ साली मुंबईत 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली, सार्वजनिक मुताऱ्यांचा प्रश्न वेशीवर टांगला गेला. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण कुटुंबांना संडास बांधायला १२,००० रुपये मिळू लागले. हे हवंच होतं. पण बाईने आंघोळ कुठे करायची, हा प्रश्न 'घरातला' राहिला. घरातला म्हणजे खाजगी, आणि खाजगी म्हणजे गप्प बसा. मैत्रिणींनो, हे गणित आपल्याला नवीन आहे का?

आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई येत असे. नवऱ्याने न्हाणीची आतली कडी उचकटून टाकली होती. तो मारायला धावला की ती तिथे जाऊन बसायची, म्हणून. आतून बंद होणारं दुसरं दारच त्या घरात नव्हतं. मी तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याबद्दल सांगत होते, की राहत्या घरातून किंवा घराच्या कुठल्याही भागातून तुला कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ताई, अर्ज करू. पण आज रात्री कडी कोण लावून देणार?" एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला केस रेकॉर्ड लिहायला शिकवलं होतं, स्क्रू आवळायला नाही. कडीने मारहाण थांबत नाही हे मला कळतं. अर्ज केलाच. पण त्या संध्याकाळी मी दुकानातून सहा इंची कडी आणि पेचकस घेऊन गेले, आणि तीच मला म्हणाली, "द्या इकडे, तुमचा हात कापतोय."

तेव्हा कामाचं बोलू. लाकडी दाराला कडी स्क्रूने बसते. पीव्हीसीचं दार आतून पोकळ असतं, त्यात स्क्रू धरत नाही, चार झटक्यांत निघतो. तिथे आरपार नट-बोल्ट हवा, मागे वॉशर घालून. भिंतीत काही बसवायचं तर ड्रिलने भोक, त्यात रावळ प्लग, मग स्क्रू. नुसता खिळा ठोकला की गिलावा फुटतो आणि घरचे म्हणतात, बायकांना जमत नाही. कड्या दोन लावा : एक नेहमीच्या उंचीवर, एक खाली, पोरींचा आणि वाकलेल्या आजीचा हात पोचेल अशी. दार नव्याने बसवणार असाल तर बाहेर उघडणारं बसवा. आत कुणी पडलं तर अंगानेच दार अडतं, आणि बाहेरचे नुसते ढकलत बसतात.

दार बसूच शकत नाही अशा दहा बाय दहाच्या खोल्याही वस्तीत पुष्कळ आहेत. बाया पहाटे साडेचारला उठून परकर न सोडता आंघोळ करतात. तिथे पडदा. पण पडदा उडतो, म्हणून खालच्या शिवणीत जुनी सायकलची चेन कापडात गुंडाळून घाला. हा शोध माझा नाही, वस्तीतल्याच एका आजीचा.

खिडकीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे जीव जातो. बाहेरून कुणी डोकावतं म्हणून बाया झरोक्याला पुठ्ठा लावतात. आणि आत गॅस गिझर असतो. हवा कोंडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. चक्कर येते आणि दार आतून बंद असतं. डोकावणारा मोकळा, मरणारी आत! पुठ्ठा काढा, बाहेरच्या बाजूला खाली उतरणाऱ्या तिरप्या पट्ट्या लावा. नजर अडते, हवा येते. गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. त्याच कोंडलेल्या जागेत फरशीचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो. शिवाय शहाबादी ही चुनखडीच. अॅसिड तिला खातं आणि मग ती जास्तच घाण धरते.

धुण्याचा दगड उचला. दोन बाजूंना विटांचे थर, वर कडाप्पा, कमरेएवढ्या उंचीवर. "दगड खालीच असतो," असं एका घरी मला ऐकवलं गेलं. ओटा वर आला तेव्हा चूलही खालीच होती की!

आणि पाळीचं कापड. परकराखाली, दाराच्या मागे, ओलं, कुबट. त्याला ऊन हवं. दोरी बांधायची तर उन्हात बांधा, आणि कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. पॅड वापरत असाल तर मोरीत एक झाकणाचा डबा ठेवा, कागदात गुंडाळून टाका. संडासात टाकलेला पॅड गटारात अडकतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आणली, तरी माणसं उतरवली जातातच, आणि ती कुठल्या जातीची असतात हे आपल्याला ठाऊक आहे. आपली लाज त्यांच्या हातात देऊ नका.

माझ्या मैत्रिणीचा एक आक्षेप मात्र मी मान्य करते. 'स्वतः करा' म्हणता म्हणता बाईच्या डोक्यावर आणखी एक काम. म्हणून कडी बाईने लावावी आणि फरशी घासायची पाळी लावून द्यावी. नवरा, मुलगा, दीर, सगळ्यांची. ज्याची आंघोळ त्याने जाळीतले केस काढायचे. भांडण होईल. होऊ द्या.

गटांसाठी सूचना : ड्रिल मशीन प्रत्येकीने विकत घेऊ नये. बचतगटाने एक घ्यावं, सोबत रावळ प्लगची पुडी, पेचकस आणि टेस्टर. ते कुणा एकीच्या घरी ठेवू नका, नाहीतर तिचा नवरा मालक होतो. पैशाच्या पेटीबरोबर फिरू द्या. नेताना वहीत सही, परत आणताना सही.