सूचना पोहोचते, मूल पोहोचते काय?

वैजापूर तालुक्यातील बहुतेक शाळांत आज प्रत्येक वर्गाचा स्वतंत्र व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. शिक्षक त्यात आहेत, पालक त्यात आहेत, आणि संध्याकाळी वडिलांचा फोन मुलांच्याच हाती असल्यामुळे मुलेही त्यात आहेत असे म्हणावयास हरकत नाही. शाळा, घर आणि विद्यार्थी यांना जोडणारा पूल म्हणून या गटांचा मोठा गौरव केला जातो. तथापि अशा एखाद्या गटातील महिन्याभराचा मजकूर ओळीने वाचून पाहावा. आधार कार्डाची झेरॉक्स पाठवा, बँक खात्याचा क्रमांक कळवा, उद्या लसीकरण आहे, अमुक अर्ज भरून त्याचे छायाचित्र टाका. मधूनच वृक्षारोपणाची दहाबारा छायाचित्रे. पालकांकडून उत्तर येते ते जोडलेल्या दोन हातांच्या चित्राचे. या सगळ्यात इयत्ता चौथीतला मुलगा भागाकारात कोठे अडतो, मुलीने पावसावर काय लिहिले, किंवा आठ दिवस गप्प बसणाऱ्या मुलाच्या घरी काय घडले आहे, याचा मागमूसही सापडत नाही. सूचनाफलक भिंतीवरून उतरून खिशात आला, एवढाच काय तो फरक.

हे लिहिताना शिक्षकांवर दोषारोप करण्याचा हेतू नाही. 2020च्या मार्चमध्ये शाळांना टाळे लागले तेव्हा हाच फोन कामी आला. ग्रामीण भागातील शालेय मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे देशातील प्रमाण ‘असर’च्या पाहणीनुसार 2018 साली 36.5 टक्के होते. 2020 साली ते 61.8 टक्क्यांवर गेले. दोन वर्षांत झालेला हा बदल लहान नव्हे. पण त्या दिवसांत वस्तीवस्तीवर जाऊन, ओट्यावर चारपाच मुले बसवून शिकविणारे शिक्षकही आपण पाहिले. फोनमुळे धडा घरी पोहोचला आणि शिक्षकाच्या पायांमुळे घर शाळेला कळले. टाळेबंदी उठल्यावर आपण त्यांपैकी फोन तेवढा ठेवून घेतला.

शाळा आणि घर यांच्यातील अंतर मराठवाड्यात पूर्वीपासूनच अधिक. निजामी अमलात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू; घरची भाषा मराठी. मुलगा शाळेत काय शिकतो हे आजोबांना विचारता येत नसे आणि विचारले तरी उत्तर समजत नसे. 1948 साली संस्थान मुक्त झाले, भाषेची भिंत पडली. पण मास्तरांच्या खोलीत जाताना बाहेर चपला काढून उभे राहण्याचा संकोच पडला नाही. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात यावरच बोट ठेवले होते. शेतकरी वर्गातून शिक्षक घ्यावेत, ते लोकांत मिसळतील आणि लोकांच्या गरजा जाणतील, असा त्यांचा आग्रह होता. आजचा शिक्षक बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा किंवा मुलगी असतो. तरीही मिसळण्याचा प्रश्न शिल्लक उरला, कारण आता अंतर जातीवर्गाइतकेच किलोमीटरचे झाले आहे. शेजारच्या गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी 2022 साली मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता घेणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न विधानसभेत उपस्थित केला आणि त्यावरून शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. भत्त्याचा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. खेड्यात राहण्याजोगे घर नाही, स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाची सोय नाही, हे शिक्षकांचे म्हणणेही खोटे नाही. पण सायंकाळी पाचला शेवटचा शिक्षक मोटारसायकलला किक मारतो, आणि वैजापूरच्या शेतवस्त्यांवरचे आईबाप कापसातून किंवा कांद्यातून परततात ते त्यानंतर. दोघांची गाठ पडावी कधी?

कायद्याने या भेटीची तरतूद केली आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या 24व्या कलमात शिक्षकाच्या कर्तव्यांमध्ये पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे स्पष्टपणे नमूद आहे. 21व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. कागदावर याहून लोकशाही समिती शोधून सापडणार नाही. व्यवहारात मात्र कित्येक ठिकाणी सभेचे इतिवृत्त आधी लिहिलेले असते आणि सही घेण्यासाठी रजिस्टर शेताच्या बांधावर जाते. सदस्य असलेली आई सभेला आलीच, तर मागे बसते आणि बोलत नाही. तिला मुलाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असते. परंतु सभेचा विषय शौचालयाची दुरुस्ती हा असतो.

येथेच या लेखाचा मुद्दा आहे. पालक शाळेशी जोडला जातो तो मुलाच्या कामातून. सूचना कितीही वेळेवर पोहोचल्या तरी ते काम त्या करू शकत नाहीत. मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले घरी आले पाहिजे, घरच्यांनी त्यावर काही म्हटले पाहिजे, आणि ते म्हणणे पुन्हा वर्गात पोहोचले पाहिजे. यंत्र कोणते वापरावे हा दुय्यम प्रश्न आहे.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ नावाचे दैनिक लिहून काढीत. पुढे 1928 साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. त्याच सुमारास दक्षिण फ्रान्समधील एका डोंगरी खेड्यात सेलेस्तें फ्रेने नावाचा शिक्षक काम करीत होता. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे त्याला फार वेळ बोलता येत नसे. त्याने वर्गात लहानसा छापखाना आणला. मुले फिरायला जात, पाहिलेले लिहीत, स्वतः खिळे जुळवून छापीत. ती पाने पालक वाचीत आणि दूरच्या शाळांनाही पाठविली जात. गुरुजींना फ्रेने ठाऊक असण्याचे कारण नाही आणि फ्रेनेला अमळनेर. दोघांनी एकच गोष्ट ओळखली होती: वाचणारा कोणी आहे हे कळले की लिहिणारा बदलतो. मास्तरांनी लाल शाई फिरवावी म्हणून लिहिलेला निबंध आणि आई ऐकणार म्हणून लिहिलेल्या चार ओळी यांची जात वेगळी असते.

आपल्या शाळांत हस्तलिखिते आणि भित्तिपत्रके होती, काही ठिकाणी आजही आहेत. पण ती स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशित होऊन कपाटात जातात. तेच पान आठवड्याला निघाले, पाळीपाळीने पाचसहा मुलांनी लिहिले, एक प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली आणि तेच मुलांच्या आवाजात वाचून गटावर टाकले, तर त्याला खर्च जवळजवळ काही नाही. आवाज महत्त्वाचा आहे. ज्या आईला अक्षर येत नाही तिला गटावरची सूचना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. लेकीचा आवाज मात्र तिला कोणाच्याही मध्यस्थीशिवाय कळतो, आणि तिला बोलून उत्तरही देता येते. विहिरीला पाणी किती हात उरले, नांदूर-मधमेश्वर कालव्याचे आवर्तन आले की नाही, यांवर उत्तर देण्यास ती शिक्षकाहून अधिक समर्थ आहे. मागे बसणारी बाई अशा वेळी पुढे येईल.

यात धोके आहेत आणि ते किरकोळ नाहीत. काही गटांवर मुलांचे गुण सर्वांसमोर टाकले जातात, फी थकलेल्यांची यादी टाकली जाते. पूर्वी नापास झालेल्याची फजिती वर्गापुरती असे. आता ती भावकीत आणि सोयऱ्यांत फिरते. ज्याची फजिती होते तो मुलगा घरी मार खातो आणि शाळेत यायचे टाळतो. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची बोलणी लवकर सुरू होतात. मुलांच्या छायाचित्रांविषयीही हाच बेफिकीरपणा. 2023च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती ही अट मानली आहे. वर्गाच्या पानाला चेहऱ्याची गरजच नाही. प्रगतीची गोष्ट मात्र एकेका पालकाशी, एकेकट्यानेच बोलायची असते. ती गटावर बोलण्याची सोय वाटू लागली की समजावे, शिक्षकाला वेळ उरलेला नाही.

वेळेचा प्रश्न खरा आहे. कायद्याच्या 27व्या कलमाने जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती भरण्याने त्यांचे तास खाल्ले. आठवड्याचे पान हे वरून आलेले आणखी एक ‘अभियान’ झाले, त्याची छायाचित्रे पोर्टलवर चढवावी लागली, तर ते दुसऱ्याच महिन्यात मरेल. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्यासाठी काही करायचेच असेल, तर एखादा तक्ता कमी मागवावा.

26 जानेवारीला ध्वजवंदनासाठी गाव शाळेत येतेच. त्या दिवशी एकदोन भाषणे कमी करून वर्षभराच्या पानांतील काही मजकूर मुलांनी वाचावा. त्या दिवसांत मराठवाड्यातील कित्येक आईबाप उसाच्या फडात असतात. मुले आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. त्यांच्यासाठी ते वाचन फोनवर मुद्रित करून पाठवावे, आणि पलीकडून बापाचे दोन शब्द आले तर ते दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकवावेत.