साथ, सामना आणि ‘स्वेच्छेचे’ तिकीट

तिरुविडैमरुदूर : साथरोगाच्या काळात क्रीडारसिकांनी प्रत्यक्ष मैदानावर जाऊन सामने पाहावेत काय, हा प्रश्न आता निकालात निघाला असे समजून अनेकांनी तो गुंडाळून ठेवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि तेव्हापासून बूर्झ्वा वृत्तपत्रांच्या स्तंभांतून एक नवा सूर ऐकू येऊ लागला. मैदाने ओस ठेवणे हा म्हणे निव्वळ भित्रेपणा होता. प्रौढ माणसाने आपला धोका आपण पत्करावा, इतरांनी त्यात पडू नये. हाच सूर थोड्या निराळ्या शब्दांत आपल्याही काही मित्रांच्या तोंडी येतो. कष्टकऱ्याच्या वाट्याला आनंदाचे प्रसंग आधीच थोडे, तेही हिरावून घेणारे आपण कोण, असे ते विचारतात. पहिला युक्तिवाद बाजाराचा आहे, दुसरा कळवळ्याचा. निष्कर्ष मात्र दोहोंचा एकच असल्याने दोहोंचा समाचार घेणे अगत्याचे आहे. पुढची साथ आपली सवड विचारून येणार नाही. शेजारच्या केरळात निपाह २०१८ पासून अनेकदा डोके वर काढून गेला आहे.

वस्तुस्थितीपासून प्रारंभ करू. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात दोन कसोटी सामने झाले. ५ फेब्रुवारीला सुरू झालेला पहिला सामना रिकाम्या मैदानावर खेळला गेला. १३ फेब्रुवारीला सुरू झालेल्या दुसऱ्या सामन्यासाठी क्षमतेच्या निम्म्या प्रेक्षकांना प्रवेश मिळाला. साथ सुरू झाल्यापासून भारतात प्रेक्षकांसमोर झालेला तो पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना. पहिला सामना भारताने गमावला, दुसरा ३१७ धावांनी जिंकला, आणि चेन्नईच्याच अश्विनने त्यात शतक ठोकून आठ बळीही घेतले. प्रेक्षक परतले आणि विजय परतला, अशी मोठी रम्य कथा त्यावर रचली गेली. (खेळपट्टी पहिल्या दिवसापासून फिरकी घेत होती, हा तपशील कथेत बसत नसल्याने मागे पडला.)

आता त्या दिवसांतील लसीकरणाचे वेळापत्रक समोर ठेवा. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. साठ वर्षांवरील नागरिकांची पाळी १ मार्चला आली, पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांची १ एप्रिलला आणि अठरा वर्षांवरील तरुणांची १ मे रोजी. म्हणजे चेपॉकच्या सज्जात बसलेल्या तरुणाला तिकीट विकत मिळत होते. लस मात्र कितीही इच्छा असली तरी मिळत नव्हती. घरी त्याची वाट पाहणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजीलाही मिळत नव्हती. स्वेच्छेने धोका पत्करण्याची भाषा करणाऱ्यांनी प्रथम हे सांगावे की, ज्या धोक्यापासून बचावाचे साधनच राज्यसंस्थेने अद्याप हाती दिलेले नाही, तो पत्करण्यात स्वेच्छा कोठे उरते? शिवाय सांसर्गिक रोगाचा धोका हा तिकीट घेणाऱ्याचा एकट्याचा नसतोच. गिर्यारोहक कड्यावरून पडला तर तो पडतो. विषाणू घेऊन परतलेला प्रेक्षक ज्यांना तो देतो, त्यांपैकी कोणीही तिकीट काढलेले नसते.

यावर असे सांगण्यात येते की मैदान उघड्यावर असते आणि उघड्या हवेत विषाणू फारसा पसरत नाही. हे म्हणणे निराधार नाही. बंद खोलीपेक्षा उघडे मैदान बरे, हे शास्त्रज्ञांनीही मान्य केले आहे. परंतु प्रेक्षक आसनावर आकाशातून उतरत नाही. जून २०२१ मध्ये युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या वेळी स्कॉटलंडमधील आरोग्य यंत्रणेने स्पर्धेशी निगडित असलेले १,९९१ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १,२९४ जण लंडनला जाऊन आले होते. पण वेम्बली मैदानाच्या आत गेलेले होते अवघे ३९७. उरलेले गाड्यांत, मद्यगृहांत आणि चौकांत सामन्याच्या नादाने जमलेले लोक होते. तिरुविडैमरुदूरहून चेन्नई सुमारे तीनशे किलोमीटर दूर. येथून सामन्याला निघणारा माणूस आगगाडीच्या गच्च डब्यात रात्र काढणार, स्थानकाबाहेर चहा घेणार, प्रवेशद्वाराशी रांगेत खेटून उभा राहणार आणि त्याच वाटेने परतणार. आसनांमधील अंतर मोजून परवाना देणारा अधिकारी या प्रवासातील एक तासही मोजत नाही.

आणि परतणार कोठे? मराठी वाचकांना हे गाव मध्यार्जुन या नावाने ऐकून ठाऊक असेल. १७९८ मध्ये तंजावरच्या गादीवरून दूर झाल्यावर अमरसिंह भोसले यांनी आपला छोटा दरबार येथेच थाटला होता. आजचे तिरुविडैमरुदूर महालिंगस्वामींच्या देवळाइतकेच शेतमजुरांचे, आणि पलीकडचे तिरुभुवनम रेशीम विणकरांचे. मागावरच्या विणकराची मजुरी नगावर ठरते; माग थांबला की चूल थांबते. महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या बाबूला चौदा दिवसांचे विलगीकरण म्हणजे सक्तीची रजा. विणकराला ते चौदा दिवसांचे कर्ज आहे, आणि घरात दोघे आजारी पडले तर सावकाराच्या दारी जाण्याचे निमित्त. विषाणू वर्ग पाहून शिरत नाही हे खरे. पण शिरल्यानंतर तो काय काय घेऊन जातो, हे वर्ग पाहूनच ठरते. मार्च २०२१ मध्ये याच तंजावर जिल्ह्यात अम्मापेट्टै येथील मुलींच्या शाळेत पन्नासहून अधिक विद्यार्थिनी बाधित आढळल्या, पाठोपाठ जिल्ह्यातील इतर शाळांतूनही रुग्ण निघू लागले, आणि २२ मार्चपासून राज्यात नववी ते अकरावीचे वर्ग पुन्हा बंद झाले. या मुली चेपॉकला गेल्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. मुद्दा क्रमाचा आहे. सामन्याची दारे फेब्रुवारीत उघडली, शाळेची मार्चमध्ये मिटली. समाज किती गर्दी सोसू शकतो याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा कोणासाठी खर्च करायची याचा निर्णय कोणीतरी घेत असते. येथे तो निर्णय शेतमजुराच्या मुलीच्या विरुद्ध गेला.

कळवळ्याच्या युक्तिवादाकडे वळू. खेळ पाहण्याचा आनंद क्षुल्लक आहे असे आम्ही मुळीच मानत नाही. हजारो अनोळखी माणसे एका चेंडूवर एकाच वेळी श्वास रोखतात, हा अनुभव दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मिळत नाही. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने गहुंजे येथील एकदिवसीय सामने प्रेक्षकांविना खेळविले, तेव्हा जवळच्या टेकडीवर चढून सामना पाहणारे चाहतेही निघालेच. त्या ओढीची टिंगल करणाऱ्याला जनसामान्यांचे जीवन कळलेले नाही. परंतु हा आनंद आज आयोजकांच्या हिशेबात कोठे बसतो, ते पाहा. आयपीएलच्या २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क १६,३४७.५० कोटी रुपयांना विकले गेले. या रकमेपुढे तिकीटखिडकीवरील उत्पन्न ते काय! धंदा चालतो प्रक्षेपणावर. प्रेक्षक हवा असतो तो पडद्यावर गजर ऐकू यावा म्हणून. म्हणूनच एप्रिल २०२१ मध्ये मैदाने रिकामी ठेवूनही आयपीएल बिनदिक्कत सुरू राहिली. दिल्लीत प्राणवायूसाठी लोक वणवण फिरत असताना त्याच शहरात सामने झाले, आणि खेळाडूच बाधित होऊ लागल्यावर ४ मे रोजी स्पर्धा स्थगित करावी लागली. त्या मंडळींनी बंद ठेवलेली दारे हा जनतेसाठी केलेला त्याग नव्हता, कारण त्या दारांतून त्यांना फारसे काही मिळत नव्हतेच. पोट भरत होते ते वालाजा रोडवर मैदानाबाहेर टोप्या, झेंडे आणि शेंगदाणे विकणाऱ्यांचे. त्यांना प्रक्षेपणाच्या कोट्यवधींतून छदामही मिळाला नाही. कष्टकऱ्याच्या आनंदासाठी कळवळणाऱ्या मित्रांनी या फेरीवाल्यांच्या भरपाईसाठी आवाज उठविला असता, तर ती लढाई आम्हीही त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलो असतो.

चाहत्याला गुन्हेगार ठरविणे हेही तितकेच चुकीचे. १९ फेब्रुवारी २०२० रोजी इटलीतील मिलान येथे अटलांटा आणि व्हॅलेन्सिया यांच्या सामन्याला बेर्गामोहून सुमारे चाळीस हजार लोक गेले. देशातील संसर्गाचा पहिला मोठा उलगडा त्यानंतर एकदोन दिवसांत झाला. त्या माणसांना काहीही ठाऊक नव्हते, आणि पुढे बेर्गामोने जी प्रेते मोजली त्यांचा दोष त्यांच्या माथी मारणे अमानुष होय. ११ मार्च २०२० रोजी लिव्हरपूल येथे झालेल्या सामन्याची गोष्ट अगदी निराळी. स्पेनमध्ये तोवर सामने प्रेक्षकांविना खेळविण्याचा आदेश निघाला होता, माद्रिदच्या शाळा बंद झाल्या होत्या. आपल्या शहरात मैदानाची दारे मिटलेले सुमारे तीन हजार माद्रिदवासी इंग्लंडमध्ये मात्र उजळ माथ्याने सज्जात बसले, कारण ब्रिटिश सरकारने दारे सताड उघडी ठेवली होती. त्याच आठवड्यात चेल्टनहॅमच्या घोड्यांच्या शर्यतींना चार दिवसांत अडीच लाखांवर लोक जमले. ज्ञान उपलब्ध असताना दार उघडे ठेवतो, तो उत्तरदायी. आपल्याकडील हिशेबही असाच मांडला पाहिजे. अहमदाबादेत १,३२,००० क्षमतेच्या मैदानाला २४ फेब्रुवारी २०२१ रोजी विद्यमान पंतप्रधानांचे नाव देण्यात आले. १२ आणि १४ मार्चला तेथे साठ हजारांहून अधिक प्रेक्षक बसविले गेले, आणि रुग्ण वाढू लागताच १६ मार्चपासून त्याच मालिकेचे उरलेले सामने रिकाम्या मैदानावर हलवावे लागले.

येथे विरोधक आपले आवडते अस्त्र बाहेर काढतात. दिल्लीच्या सीमांवर शेतकऱ्यांची गर्दी चालते, मग क्रिकेटची का नको? उत्तर सरळ आहे. शेतीविषयक अध्यादेश जून २०२० मध्ये, म्हणजे ऐन साथीत, लोकांना रस्त्यावर येणे अशक्य व्हावे अशा घडीला काढले गेले. संघर्षाची वेळ शेतकऱ्याने निवडलेली नव्हती. सामन्याची वेळ आयोजक निवडतो, आणि सामना पुढे ढकलल्याने कोणाची जमीन जात नाही. गर्दीविषयी खरी दुटप्पी नीती कोणाची, हेही बोलले पाहिजे. मार्च २०२० मध्ये तबलिगी मेळाव्याच्या निमित्ताने एका संपूर्ण धर्मसमुदायाला महिनोन्महिने झोडपणारे सत्ताधारी एप्रिल २०२१ मध्ये हरिद्वारच्या कुंभातील शाही स्नानांना पायघड्या घालत होते. तामिळनाडूत अण्णाद्रमुक सरकारने ४ जानेवारी २०२१ रोजी चित्रपटगृहे शंभर टक्के भरण्यास परवानगी दिली. आम्ही आता थकलो आहोत, असे एका निवासी डॉक्टराने खुल्या पत्रात लिहिले, केंद्राने हरकत घेतली, आणि चार दिवसांत आदेश मागे घ्यावा लागला. पण पुढच्याच आठवड्यात अवनियापुरम, पालमेडु आणि अलंगानल्लूर येथे जल्लिकट्टूच्या मैदानांभोवती नेत्यांची रीघ लागली. सत्ताधारी गेले, तसेच विरोधकही गेले. ६ एप्रिलच्या मतदानापूर्वीच्या प्रचारसभांत तर कोणत्याच आघाडीने अंतर मोजले नाही. त्या आघाड्यांत डावे पक्षही होते, हे झाकण्यात अर्थ नाही. मद्रास उच्च न्यायालयाने पुढे निवडणूक आयोगाला जे खडे बोल सुनावले ते सर्वच व्यासपीठांना लागू पडत होते.

दारे बंद करावीत असे म्हणताना आम्ही लाठीची भलामण करत नाही. रँडच्या १८९७ च्या पुण्याची आठवण मराठी माणसाला द्यावी लागत नाही. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्येही सरकारांच्या हाती होता, आणि टाळेबंदीत दुकान वेळेनंतर उघडे ठेवल्याच्या आरोपावरून सातानकुळम येथे एका पितापुत्राला पोलीस कोठडीत छळ सोसून प्राण गमवावे लागले. चाहत्याला मैदानापासून दूर ठेवण्याचा मार्ग म्हणजे तिकीटच न विकणे, विकले असेल तर पूर्ण पैसे परत करणे, आणि गावात सामना विनामूल्य दिसेल अशी सोय करणे. यांपैकी एकाही गोष्टीला पोलीस लागत नाही. जानेवारी २०२२ च्या तिसऱ्या लाटेत रविवारच्या टाळेबंदीमुळे अलंगानल्लूरचा जल्लिकट्टू एक दिवस पुढे गेला. प्रेक्षक कमाल दीडशेवर आणले गेले, लशीच्या दोन मात्रा किंवा चाचणीचा दाखला मागितला गेला. परंपरा बुडाल्याचे कोणी ऐकले नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मैदान केव्हा उघडावे, हा निर्णय क्रिकेट मंडळाच्या कचेरीत होता कामा नये. जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांत किती खाटा रिकाम्या आहेत, प्रेक्षकाच्या घरातील वृद्धांपर्यंत लस पोहोचली आहे काय, शाळा सुरू आहेत काय, या प्रश्नांची उत्तरे जाहीरपणे दिल्यावरच तिकीटखिडकी उघडावी. शाळेआधी मैदान उघडू नये. हीच कसोटी पोंगलच्या दिवसांत खोऱ्यातील गावोगाव भरणाऱ्या कबड्डीच्या सामन्यांनाही लावली पाहिजे, मग ते भरविणाऱ्या युवक मंडळाच्या फलकाचा रंग कोणताही असो. मैदानाबाहेरील फेरीवाल्यांची नोंदणी आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून त्यांच्यासाठी राखीव निधी, ही मागणी क्रीडा मंडळांपुढे आणि राज्य सरकारपुढे आजच, कोणतीही साथ नसताना, मांडली पाहिजे. साथ आल्यावर ती ऐकून घ्यायला कोणालाही सवड नसते. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत अकरा माणसे मेली. तेथे कोणताही विषाणू नव्हता. गर्दीला बोलावणारे होते. तिची जबाबदारी घेणारे कोण, यावर दुसऱ्या दिवसापासून क्लब, क्रिकेट संघटना आणि सरकार एकमेकांकडे बोट दाखवू लागले.